अमेरिकेतलं कॉलेज निवडताना ग्रॅज्युएशन रेट आणि रिटेन्शन रेट नीट कसे वाचायचे

बारावीनंतर पोरांना थेट अमेरिकेत बॅचलर्सला पाठवायचं ठरलं की शॉर्टलिस्ट करताना आपण काय बघतो, तर रँकिंग, फी, स्कॉलरशिप, कॅम्पसचे फोटो आणि जवळपास कोणी नातेवाईक आहेत का. त्या कॉलेजात शिरलेल्या शंभरातली किती पोरं डिग्री हातात घेऊन बाहेर पडतात आणि किती वर्षांत पडतात हा प्रश्न फार कमी घरांत निघतो, आणि निघालाच तर कॉलेजच्या वेबसाइटवर मोठ्या अक्षरात छापलेला एक आकडा बघून सगळे खूश. आकडा बहुतेक वेळा खरा असतो हो, पण तो नेमका कोणाचा आहे हे कळल्याशिवाय त्याचा काडीचा उपयोग नाही.

आधीच सांगतो, एमएसला जाणाऱ्यांसाठी हे नाही. तिथले सरकारी ग्रॅज्युएशन रेट फक्त अंडरग्रॅडचे असतात, त्यामुळे एमएस प्रोग्रॅम निवडताना कोणी तुम्हाला "आमच्या युनिव्हर्सिटीचा ग्रॅज्युएशन रेट एवढा" असं सांगत असेल तर तो तुमच्या प्रोग्रॅमचा नाहीच, सरळ दुर्लक्ष करा.

आता आकडे कुठे बघायचे. कॉलेजच्या स्वतःच्या पानावर नको, तिथे सगळं गुलाबीच असतं. अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या दोन फुकट साइट्स आहेत, कॉलेज नेव्हिगेटर आणि कॉलेज स्कोअरकार्ड. सरकारी स्टुडंट एड घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला दरवर्षी आयपेड्स नावाच्या सिस्टीममध्ये माहिती भरावीच लागते आणि ती तिथून इकडे येते. मी नेव्हिगेटरच वापरायला सांगतो, दिसायला जुनाट आहे पण फोड करून दाखवतं. कॉलेजचं नाव टाका, पान उघडलं की खाली रिटेन्शन आणि ग्रॅज्युएशन रेटचा सेक्शन आहे तो उघडा. स्कोअरकार्डवर त्याच कॉलेजचा आकडा वेगळा दिसला तर दचकू नका, तिथला ग्रॅज्युएशन रेट आठ वर्षांच्या हिशोबाने असतो आणि त्यात ट्रान्सफरने आलेले, पार्टटाइम असे बाकीचे विद्यार्थीही धरलेले असतात, त्यामुळे दोन कॉलेजांची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच साइटवरून घ्या, एक इकडचा एक तिकडचा असं करू नका.

त्या सेक्शनमध्ये सगळ्यात वर रिटेन्शन रेट असतो. म्हणजे एका फॉलमध्ये (ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होणारं सत्र) पहिल्यांदा कॉलेजला आलेल्या पोरांपैकी पुढच्या फॉलला त्याच कॉलेजात किती परत आली. फुलटाइम आणि पार्टटाइम वेगवेगळे दिलेले असतात, आपल्याला फुलटाइमचा बघायचाय कारण एफ-१ या स्टुडंट व्हिसावर पार्टटाइम शिकता येत नाही. चार वर्षांच्या कॉलेजांचा देशभराचा रिटेन्शन रेट साधारण ८० च्या थोडा वर असतो, तेवढं डोक्यात ठेवा म्हणजे ९४ बघून काय म्हणायचं आणि ६८ बघून काय म्हणायचं ते कळेल.

त्याच्या खाली ग्रॅज्युएशन रेट, आणि इथे सगळे फसतात. चार वर्षांच्या डिग्रीचा जो "ग्रॅज्युएशन रेट" सगळीकडे मिरवला जातो तो सहा वर्षांचा असतो! १९९० च्या स्टुडंट राइट-टू-नो कायद्यात नेहमीच्या मुदतीच्या १५० टक्के वेळ धरायचं ठरलं, म्हणून चार वर्षांच्या डिग्रीला सहा आणि दोन वर्षांच्या डिग्रीला तीन. २०१४ च्या फॉलमध्ये चार वर्षांच्या कॉलेजात आलेल्या पोरांपैकी २०२० पर्यंत त्याच कॉलेजातून डिग्री मिळवलेली ६४ टक्के होती, पब्लिक कॉलेजांत ६३, ना-नफा प्रायव्हेट कॉलेजांत ६८ आणि नफ्यासाठी चालणाऱ्या कॉलेजांत २९. हो, २९. म्हणजे अमेरिकेत गेला म्हणजे डिग्री घेऊनच येणार असं जे आपण धरून चालतो ते त्यांच्याच पोरांच्या बाबतीत खरं नाहीये.

नेव्हिगेटरवर चार वर्षांचा रेटही वेगळा दिलेला असतो, तो शोधा आणि दोन्ही शेजारी लिहा. आपल्या घरासाठी चार वर्षांवालाच खरा, कारण पाचव्या वर्षाची फी, राहणं, खाणं सगळं डॉलरमध्ये परत एकदा, आणि स्कॉलरशिप बहुतेक वेळा आठ सेमिस्टरचीच असते.

आता तीन आकडे झाले, रिटेन्शन, चार वर्षांचा आणि सहा वर्षांचा. एकेकटा बघितला तर फार काही सांगत नाही, गंमत त्यांच्यामधल्या फरकात आहे. समजा दोन कॉलेजं आहेत आणि दोघांचा सहा वर्षांचा रेट ६० आहे. पहिल्याचा रिटेन्शन ७२, दुसऱ्याचा ९०. पहिल्या कॉलेजात शंभरातली २८ पहिल्याच वर्षी गळाली पण जी टिकली त्यातली बहुतेक डिग्रीपर्यंत पोचली. म्हणजे तिथे पहिलं वर्ष अवघड, ते पार पडलं की गाडी रुळावर. दुसऱ्यात पहिलं वर्ष मस्त गेलं, ओरिएंटेशन, क्लब, डॉर्म सगळं छान, आणि मग पुढे तीस पोरं हळूहळू गायब झाली. हे जास्त वाईट, कारण ही पोरं दोन-तीन वर्षांची फी भरून गेलीयेत. असं दिसलं की विचारायचं की नंतर काय होतं, हवा तो मेजर (म्हणजे डिग्रीचा मुख्य विषय) मिळत नाही का, पुढच्या कोर्सेसना जागा नसतात का, स्कॉलरशिप मध्येच बंद होते का. आणि चार आणि सहा वर्षांच्या रेटमध्ये मोठं अंतर असेल, म्हणजे चार वर्षांत ३५ आणि सहात ६०, तर पोरं पास होतायत पण रखडतायत.

अपवाद आहेत. ड्रेक्सेलसारख्या ठिकाणी को-ऑपचा पाच वर्षांचा प्लॅन असतो, मधल्या काही टर्म पोरं कंपनीत कामाला असतात, तिथे चार वर्षांचा रेट कमी दिसणारच. आर्किटेक्चरची बी.आर्क. पण पाच वर्षांची असते. त्यामुळे आकडा बघून लगेच काट मारण्याआधी प्रोग्रॅम मुळात किती वर्षांचा आहे ते बघा.

आता रखडणं म्हणजे नक्की काय होतं ते जरा जवळून बघू, कारण हे पोराला तिकडे गेल्यावर पण कामाला येणार आहे. बॅचलर्सला साधारण १२० क्रेडिट लागतात, प्रत्येक विषयाला ठरावीक क्रेडिट असतात. एफ-१ वर सेमिस्टरला कमीत कमी १२ क्रेडिट घ्यावे लागतात, त्याला फुलटाइम म्हणतात, आणि पोरांना वाटतं १२ घेतले म्हणजे आपण वेळेत चाललोय. गुणाकार करा. १२ गुणिले ८ सेमिस्टर म्हणजे ९६. चार वर्षं झाली, एकही विषय उडाला नाही, सगळं व्यवस्थित, तरी २४ क्रेडिट बाकी, म्हणजे अजून एक अख्खं वर्ष. वेळेत संपवायचं तर सेमिस्टरला १५ लागतात. युनिव्हर्सिटी ऑफ हवाईने याच मुद्द्यावर "फिफ्टीन टू फिनिश" नावाची मोहीम काढली होती आणि मग ती बऱ्याच राज्यांत गेली. पहिल्या सेमिस्टरला नवीन देश, नवीन पद्धत म्हणून १२-१३ घेतले तर चालेल, पण मग ते कुठे भरून काढायचे, समरला की पुढच्या सेमिस्टरला, हे त्याच दिवशी ठरवून टाकायचं.

आणि इथे व्हिसाचा एक कोपरा आहे जो भल्याभल्यांना माहीत नसतो. आय-२० वर, म्हणजे व्हिसासाठी कॉलेज देतं त्या कागदावर, प्रोग्रॅम संपायची तारीख असते. अभ्यास तोपर्यंत संपत नसेल तर ती तारीख उलटायच्या आत एक्स्टेन्शन घ्यावं लागतं आणि त्याला पटेल असं कारण लागतं, मेजर बदलला, रिसर्चमध्ये अडचण आली, आजारपण वगैरे. ॲकॅडमिक प्रोबेशन (कमी मार्कांमुळे मिळणारी ताकीद) किंवा सस्पेन्शनमुळे उशीर झाला हे कारण नियमात चालत नाही असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे अमेरिकन पोरगं रखडलं तर त्याचे पैसे जातात, आपलं रखडलं तर पैसे जातात आणि वर राहायचा प्रश्न येतो. म्हणून मी म्हणतो की सहा वर्षांच्या रेटवर आपण समाधान मानायचं काही कारण नाही.

पुढचा मुद्दा, हे शंभर टक्के म्हणजे कोणाचे. या रेटमध्ये मोजतात फक्त फॉलमध्ये आलेली, पहिल्यांदाच कॉलेजला आलेली, फुलटाइम पोरं. दुसऱ्या कॉलेजातून ट्रान्सफर होऊन आलेला त्यात नाही. जानेवारीत, स्प्रिंगला प्रवेश घेतलेला त्यात नाही. आणि जो इथून ट्रान्सफर होऊन दुसरीकडे गेला आणि तिथे छान डिग्री मिळवली तो या कॉलेजच्या हिशोबात "डिग्री झाली नाही" यातच बसतो. त्यामुळे आकडा दोन्ही बाजूंनी वाकडा होऊ शकतो. लहान कॉलेजातून मोठ्या युनिव्हर्सिटीत उडी मारणारी पोरं खूप असतील तर तिथला रेट आहे त्यापेक्षा वाईट दिसतो, अशा ठिकाणी शेजारी ट्रान्सफर-आउट रेट दिलाय का ते बघा. उलट ज्या कॉलेजात ट्रान्सफरने येणारे खूप आहेत तिथे त्यांचं काय होतं हे मुख्य आकड्यात दिसतच नाही. २०२२ मध्ये कोलंबियाच्याच एका गणिताच्या प्रोफेसरने आपल्या युनिव्हर्सिटीने रँकिंगला दिलेले आकडे तपासून जाहीर वाभाडे काढले होते, त्यात हाही मुद्दा होता की ट्रान्सफरने आलेली पोरं ग्रॅज्युएशन रेटमध्ये धरलीच जात नाहीत. तुमचं पोरगं आधी दोन वर्षांचं कम्युनिटी कॉलेज आणि मग ट्रान्सफर असा स्वस्तातला मार्ग धरणार असेल तर मुख्य रेट बघू नका, आउटकम मेझर्स नावाचा वेगळा तक्ता असतो तो बघा, त्यात ट्रान्सफरवाले आणि पार्टटाइमवाले वेगळे काढलेले असतात आणि आठ वर्षांपर्यंतचा हिशोब असतो.

कॉलेजं आकड्यासाठी काय थराला जाऊ शकतात याचा नमुना म्हणजे मेरीलँडमधलं माउंट सेंट मेरीज. फॉलची मोजणी एका ठरावीक तारखेला होते, त्या तारखेआधी जो सोडून गेला तो आलाच नव्हता असं धरलं जातं. तर तिथल्या प्रेसिडेंटने असा विचार केला की नव्या पोरांकडून एक सर्व्हे भरून घ्यायचा, त्यावरून कोण टिकणार नाही ते हेरायचं, आणि त्यातल्या वीस-पंचवीस जणांना मोजणीच्या आधीच घरी जायला लावायचं. रिटेन्शन आपोआप चार-पाच टक्के वर! जानेवारी २०१६ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्याच पेपरने हे बाहेर काढलं, प्रचंड गोंधळ झाला आणि फेब्रुवारीच्या शेवटी प्रेसिडेंटला राजीनामा द्यावा लागला. सगळीकडे असं चालतं असं अजिबात नाही, पण नुसता एक आकडा चढला म्हणून कॉलेज सुधारलं असं समजू नका, तीन-चार वर्षांचे आकडे ओळीने बघा. त्यासाठी कॉलेजच्या नावापुढे "कॉमन डेटा सेट" टाकून सर्च करा, बऱ्याच कॉलेजांच्या दरवर्षीच्या पीडीएफ मिळतात, त्यात सेक्शन बीमध्ये सगळं असतं. आणि हेही विसरू नका की आज दिसणारा सहा वर्षांचा रेट हा सात-आठ वर्षांपूर्वी आलेल्या पोरांचा आहे, रिटेन्शन मात्र ताजा असतो. नुकतं काही बिघडलं असेल, प्रोफेसर कमी केले, कोर्सेस बंद केले, तर ते आधी रिटेन्शनमध्ये दिसतं.

आता तुलना. एमआयटीचा रेट बघून एखाद्या साध्या स्टेट युनिव्हर्सिटीला नावं ठेवण्यात अर्थ नाही. जी कॉलेजं शंभरातल्या २५ पेक्षा कमी अर्जांना हो म्हणतात त्यांचा सहा वर्षांचा रेट ९० च्या आसपास असतो, आणि जिथे येईल त्याला प्रवेश असतो तिथे ३० च्या आसपास. यातलं बरंचसं श्रेय निवडून घेतलेल्या पोरांचं आहे, कॉलेजचं नाही. पहिल्या बेंचवरचीच पोरं घेतल्यावर निकाल लागणारच की. म्हणून तुलना करायची ती साधारण तेवढ्याच ॲक्सेप्टन्स रेटच्या, तेवढ्याच आकाराच्या आणि साधारण तशाच घरांतली पोरं येणाऱ्या कॉलेजांशी. घरची परिस्थिती कळायला पेल ग्रँट घेणाऱ्यांचं प्रमाण बघतात, ती ग्रँट कमी उत्पन्नाच्या घरांतल्या पोरांना मिळते. अशा चार-पाच कॉलेजांत एखादं बाकीच्यांपेक्षा दहा टक्क्यांनी वर असेल तर ते कॉलेज काहीतरी वेगळं करतंय, आणि आपल्याला तेच शोधायचंय.

आपल्यासाठी अजून एक ओळ आहे. नेव्हिगेटरवर सहा वर्षांचा रेट वंशानुसार फोडून दिलेला असतो आणि त्यात नॉनरेसिडेंट अशी वेगळी ओळ असते, म्हणजे बाहेरच्या देशातून व्हिसावर आलेले. "एशियन" च्या ओळीत आपली पोरं नसतात, तिथे तिकडचीच एशियन पोरं असतात. हा नॉनरेसिडेंटचा आकडा कॉलेजच्या एकूण आकड्यापेक्षा बराच खाली असेल तर इंटरनॅशनल पोरं आणायला हे उत्साही आहेत पण आणल्यावर बघत नाहीत असा संशय घ्यायला जागा आहे. फक्त आधी एकूण किती पोरं होती ते बघा, आठ-दहाच असतील तर दोघं गेली तरी टक्का कोसळतो.

मग कॉलेज करतं काय ज्याने पोरं टिकतात? यावर बरंच काम झालंय. विन्सेंट टिंटो या अभ्यासकाने १९७५ मध्ये मांडलेलं अजूनही सांगितलं जातं की पोरगं अभ्यासात आणि लोकांत, दोन्हीकडे मिसळलं तर टिकतं. ते बरोबरच आहे पण आईबापांनी त्याचं करायचं काय. त्यापेक्षा दोन उदाहरणं बघा. न्यूयॉर्कच्या क्युनी या सरकारी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये कम्युनिटी कॉलेजांसाठी एएसएपी नावाचा प्रोग्रॅम सुरू केला, त्यात फुलटाइम शिकायची अट, फीमधली उरलेली रक्कम माफ, पुस्तकं, मेट्रोचं कार्ड, आणि मुख्य म्हणजे एका ॲडव्हायझरकडे ६० ते ८० च पोरं, एरवी तिथे सहाशेच्या वर असायची. नीट चिठ्ठ्या टाकून दोन गट करून अभ्यास झाला तेव्हा तीन वर्षांत डिग्री मिळवणारे ४० टक्के निघाले आणि प्रोग्रॅमबाहेरचे २२. दुसरं जॉर्जिया स्टेट, अटलांटातली. २००३ मध्ये तिचा सहा वर्षांचा रेट ३२ होता, तो पुढे ५४ पर्यंत गेला, आणि पोरं श्रीमंत किंवा जास्त हुशार घ्यायला लागले म्हणून नाही. त्यांनी पोरांच्या मार्कांवर आणि रजिस्ट्रेशनवर रोज नजर ठेवणारी सिस्टीम लावली, पोराने चुकीचा कोर्स घेतला किंवा मेजरच्या महत्त्वाच्या विषयात कमी मार्क पडले की ॲडव्हायझरला अलर्ट जातो आणि तो स्वतःहून बोलावतो. शिवाय शेवटच्या टप्प्यात थोड्याशा थकबाकीमुळे नाव कापलं जाणाऱ्यांची बाकी कॉलेजनेच भरायला सुरुवात केली. त्या सरकारी आणि कॉलेजच्या पैशातला बराचसा भाग आपल्या पोरांना मिळणार नाही हे खरं, फेडरल एड तर नाहीच, पण ॲडव्हायझर आणि अलर्ट सगळ्यांना सारखेच.

म्हणून शॉर्टलिस्ट चार-पाच वर आली की कॉलेजला ईमेल टाका. पोरालाच टाकू द्या, पालकांनी टाकलेल्या ईमेलला तिकडे थंड उत्तर येतं. काय विचारायचं: एका ॲडव्हायझरकडे किती विद्यार्थी असतात आणि पहिल्या वर्षी भेट सक्तीची आहे का. मिडटर्मला कमी मार्क पडले तर कोणी स्वतःहून संपर्क करतं का, की पोरानेच जायचं. हवा तो मेजर, विशेषतः कॉम्प्युटर सायन्स, प्रवेशाबरोबरच मिळतो का, की पहिल्या वर्षानंतर परत अर्ज करायचा, आणि तसं असेल तर किती जणांना मिळतो. इथे फार पोरं अडकतात, कॉलेज मिळालं म्हणून जातात आणि दुसऱ्या वर्षी मेजर मिळत नाही. पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये डी, एफ किंवा विथड्रॉ होणारे किती टक्के, याला डीएफडब्ल्यू रेट म्हणतात, सगळे सांगणार नाहीत पण विचारलं की समोरचा जरा सावध होऊन बोलतो. आणि स्कॉलरशिप टिकवायला जीपीए किती लागतो आणि पहिल्या वर्षानंतर किती जणांची टिकते, हा प्रश्न पैशाच्या दृष्टीने सगळ्यात मोठा आहे, कारण मेरिट स्कॉलरशिप गेली की पोरगं हुशार असूनही कॉलेज सोडायची वेळ येते. ॲडमिशन ऑफिसने गोल गोल उत्तर दिलं तर इन्स्टिट्यूशनल रिसर्च ऑफिस नावाचा विभाग असतो, त्यांच्याकडे विचारा, खरं तर आकडे तेच गोळा करतात आणि बहुतेक वेळा सरळ उत्तर देतात.

प्रवेश झाल्यावरचं थोडक्यात. डिग्री ऑडिट नावाचं पान पोर्टलवर असतं, कुठले विषय झाले कुठले राहिले ते दाखवतं, ते दर सेमिस्टरला रजिस्ट्रेशनच्या आधी उघडायचं. एखादा विषय झेपत नाही म्हणून सोडायचा विचार आला आणि त्याने १२ च्या खाली जाणार असेल तर आधी इंटरनॅशनल ऑफिसची परवानगी घ्यायची, सोडून मग सांगायचं नाही, नाहीतर स्टेटसच जातं. गणिताच्या प्लेसमेंट टेस्टला (कुठल्या पातळीच्या कोर्सपासून सुरुवात करायची ते ठरवणारी परीक्षा) "येतंय सगळं" म्हणून तयारी न करता बसू नका, खाली ढकललं गेलं की इंजिनिअरिंगचे पुढचे सगळे विषय एक-एक सेमिस्टर सरकतात कारण ते एकमेकांना अडकलेले असतात. आणि काही विषय फक्त फॉललाच किंवा फक्त स्प्रिंगलाच शिकवतात, तो एक चुकला तर वर्षभर थांबावं लागतं, म्हणून आठही सेमिस्टरचा कागद पहिल्या महिन्यातच ॲडव्हायझरसमोर बसून भरून घ्या आणि त्याची एक कॉपी घरीही पाठवायला सांगा.